दर मंगळवारी बिघाड

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा तपासनीस बायकोच्या शिवणाच्या खोलीत उभे राहून दोऱ्याच्या रिळांना नंबर घालत होते. लाल रिळं एक ते चौदा, निळी पंधरा ते एकतीस. बाईंच्या शिवणकामाला सव्वीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत निळं रीळ त्यांना नंबराशिवाय सापडत आलं होतं, पण हे तपासनीसांना सांगणार कोण?

"काका," पलीकडून भाडेकरू मुलीचा आवाज आला, "स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटाची मूठ हातात आली हो."

"हातात आली म्हणजे? ओढली होतीस का?"

"उघडायला ओढली. मुठीचं आणखी काय करणार?"

"कुणीही कशालाही हात लावू नका," तपासनीस म्हणाले. त्या घरात ती मुलगी एकटी राहायची, पण हे वाक्य त्यांच्या तोंडात चौतीस वर्षं बसलं होतं. "मी निघालोच."

हत्यारांची पेटी दाराशीच होती. तपासनीस बाहेर पडले, जिन्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि लिफ्टने खाली गेले. जिना त्यांच्या उजव्या गुडघ्याला मानवत नसे. इकडे बाईंनी मापाची टेप गळ्यात अडकवली, निळी रिळं पुन्हा आपल्या जागी ओतली आणि ते बसमध्ये चढले की नाही हे खिडकीतून बघून घेतलं.

तपासनीस म्हणजे लिफ्ट तपासणारे. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या की हे जायचे, आणि बंद पडल्या नाहीत तर का पडल्या नाहीत हे बघायलाही जायचे. त्यांचं एक रजिस्टर असे. तारीख, वार, वेळ, बिघाड, कारण, उपाय, सही. त्यातला 'कारण' हा रकाना चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही रिकामा ठेवला नव्हता आणि त्यात एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. "कारण कळलं नाही असं लिहिणारा तपासनीस, आणि चौथ्या मजल्यावर अडकलेला माणूस, दोघंही मला केविलवाणे वाटतात," असं ते हाताखालच्या पोरांना सांगत. पोरं माना डोलवत आणि जेवायला पळत.

आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. पहिले दोन महिने खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. दाढी नाही, बोलणं नाही, जेवायला बोलावलं की "वाढ थोडं" म्हणायचे आणि तेही टाकायचे. बाईंना वाटलं होतं, माणूस घरी आला, आता चार गप्पा होतील. कसल्या गप्पा? समोरच्या इमारतीची लिफ्ट वर गेली की यांची मान वर जायची आणि खाली आली की खाली. मग एक दिवस भाड्याच्या घरातला नळ गळायला लागला. तपासनीस तिथे जाऊन वायसर बदलून आले, आणि त्यानंतर त्या घराची जी साडेसाती सुरू झाली ती थांबायलाच तयार नाही.

हे भाड्याचं घर दोन बसथांबे पलीकडे होतं. परक्या देशात येऊन त्यांनी पहिल्यांदा घेतलेलं, दोन खोल्यांचं, पुढे हातभर बाग. न्हाणीघरातली फरशी तपासनीसांनी स्वतः बसवली होती. एक फरशी वाकडी बसली होती आणि ती कोणती हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तरी ती सगळ्यांना माहीत होती. पुढे गुडघा कुरकुरायला लागल्यावर ती दोघं लिफ्टवाल्या इमारतीत राहायला आली आणि ते घर भाड्याने दिलं. विकायचं मात्र नाही. त्या घराचा एकेक खिळा आपल्याला नावाने ओळखतो, असं तपासनीसांचं म्हणणं.

घात केला तो आधीच्या भाडेकरूने. मी एकटाच राहणार, असं त्याने सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, कारण आळंबीला माणसांत धरत नाहीत. झोपायच्या खोलीत भिंतभर फळ्या लावून त्याने आळंबीची शेती केली. खिडक्या बंद, दिवसरात्र पाण्याचे फवारे. वर्षभराने छताचा गिलावा खाली आला, जमिनीच्या फळ्या फुगल्या आणि दार चौकटीत असं रुतलं, की घर सोडताना तो पठ्ठ्या खिडकीतून गेला. किल्ली तेवढी इमानदारीने पत्रपेटीत टाकली. वाट लागलेलं ते घर पुन्हा माणसात आणण्याची सगळी धावपळ मुलाने केली. मुलगा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत धोके मोजायच्या कामावर होता आणि घरातही तेच करायचा. त्याने तेव्हाच एक ठराव लिहून आईबापांच्या सह्या घेतल्या. 'यापुढे एक जरी वाईट भाडेकरू निघाला, तर घर विकायचं. चर्चा नाही.' तपासनीसांनी सही केली होती. सही केली म्हणजे केली.

म्हणून नवा भाडेकरू बाईंनी पारखून निवडला. चष्म्याच्या दुकानात काम करणारी ही मुलगी बाईंकडे कपडे घट्ट-सैल करून घ्यायला यायची. दुपारी दुकानात बसून चष्म्याच्या काड्या सरळ करायची, सकाळी घरी असायची. चपलासुद्धा जोडीने काढून ठेवायची. अशी मुलगी घरात राहिली तर भिंतीला ओरखडासुद्धा पडणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं.

आणि तरीही सहा महिन्यांत एकोणतीस बिघाड. खिडकीची खिट्टी, खणाची पट्टी, कपाटाची बिजागरी, टॉवेलची दांडी, पुन्हा बिजागरी. त्या मंगळवारी तपासनीसांनी जमिनीवर बसून मूठ परत लावली. स्क्रू उजेडात धरून बघितला. झिजलेला नव्हता, वाकलेला नव्हता. खाचेवर साधा ओरखडा नव्हता. त्यांनी कारणाच्या रकान्यापुढे पेन नेलं आणि तसंच मागे घेतलं. गेल्या सहा महिन्यांत तो रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता.

"काका, चहा?" ती म्हणाली. तिचा चेहरा आपणच काहीतरी चोरल्यासारखा झाला होता.

"दे. आणि तू कशाला तोंड पाडतेस? मूठ काय तू तोडलीस?"

त्यावर तिला जोराचा ठसका लागला.

तपासनीस दर महिन्याला मुलाला अहवाल पाठवत. कुणी मागितला नव्हता, पण अहवाल मागितल्यावर पाठवायचा ही पद्धत त्यांना मान्यच नव्हती. त्या संध्याकाळीही पाठवला. बुधवारी सकाळी मुलाचा फोन आला.

"बाबा, सहा महिन्यांत एकोणतीस?"

"किरकोळ आहेत रे. मी बघतोय ना."

"आळंबीवाल्याच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. थोडी ओल आहे, मी बघतोय. ठराव आठवतोय ना? मी रविवारी दलालाला घेऊन येतो. तिला रीतसर मुदत देऊ आणि विषय संपवू."

"अरे पण पोरगी चांगली आहे."

"चांगली आहे तर मग मोडतंय कोण? कारण द्या मला. तुमच्या रकान्यात कारण लिहिलेलं दिसलं, तर मी परत जातो."

तपासनीसांनी फोन ठेवला. घर गेलं तर आपण सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांनी मनातल्या मनातही नीट विचारला नाही. नुसती खुर्चीकडे नजर गेली आणि ते उठून उभे राहिले. बाई दारात होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाला?"

"रविवारी येतोय. चार दिवसांत कारण शोधायचं, नाहीतर घर गेलं."

बाईंच्या हातातून टाचण्यांची डबी पडली. तपासनीसांनी टाचण्या नेहमीप्रमाणे उचलून रांगेत लावून दिल्या.

बुधवारभर त्यांनी रजिस्टर पिंजून काढलं आणि दोन गोष्टी सापडल्या. एक, एकोणतीसच्या एकोणतीस बिघाड मंगळवारी किंवा शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास झाले होते. दुसरी गोष्ट आणखी विचित्र होती. एकही बिघाड खांद्याच्या वर नव्हता. दिवा गेला नाही, पडद्याचा दांडा निसटला नाही, माळ्याचं दार निखळलं नाही. जे काही मोडलं ते जमिनीपासून साडेचार फुटांच्या आत.

"लिफ्ट वार बघून बंद पडत नाही," ते बाईंना म्हणाले. "हे बाहेरून येतंय. कंप आहे. काहीतरी जड वाहन आठवड्यातून दोनदा रस्त्याने जातंय, घर हादरतंय आणि खालचे स्क्रू सैल होताहेत. वर कंप पोचत नाही."

"असेल बाई," बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. दोरा तीनदा चुकला.

"कचऱ्याची गाडी. दुसरं काही असूच शकत नाही."

गुरुवारी तपासनीस पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन त्या घरासमोरच्या कठड्यापाशी उभे राहिले. ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशी पाणी किती हलतं हे आधी टिपायचं, मग शुक्रवारी गाडी आल्यावर पुन्हा बघायचं. शास्त्र म्हणजे शास्त्र. साडेनऊला कोपऱ्यावरून कचऱ्याची गाडी आली आणि त्यांच्यासमोर थांबली.

"आज कशी आलात?" तपासनीसांनी विचारलं.

"आजच येतो," कचरेवाला म्हणाला. "सोमवार आणि गुरुवार. अकरा वर्षं झाली." मग त्याने पेल्याकडे बोट दाखवलं. "हे टाकायचंय का?"

शास्त्र तिथेच बुडालं. आता एकच उरलं होतं. शुक्रवारी फोन यायच्या आधीच तिथे हजर राहायचं आणि बिघाड होताना डोळ्यांनी बघायचा.

शुक्रवारी नऊ वाजता ते पेटी घेऊन निघाले.

"अहो, फोन यायच्या आधीच कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"पेटी घेऊन?"

"पेटीचेही पाय मोकळे होतील," तपासनीस म्हणाले आणि निघाले. अर्ध्या वाटेत बसमध्ये त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता, की आज फोन येणारच याची हिला एवढी खात्री कशी? पण चौतीस वर्षं यंत्रांवर संशय घेतलेल्या माणसाला बायकोवर घ्यायची सवय नसते.

आता भाडेकरूच्या घरात चोवीस तास आधी कळवल्याशिवाय मालकाने पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कायदा. तपासनीस कायदा मोडणारे नव्हते. ते स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभे राहिले, आणि पायाखालचा फूटपाथ सरकारी आहे याची आधी खात्री करून घेतली. खिडकी चार बोटं उघडी होती. सतराव्या बिघाडाच्या वेळी तिची खिट्टी त्यांनीच दुरुस्त केली होती आणि तेव्हापासून ती पूर्ण लागत नसे. आतून फोनवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, कारण मुलीने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला होता. तिचे दोन्ही हात कामात होते.

"काकू, आज काय काढू?"

"खालच्या खणाची पट्टी काढ ना," फोनमधून आवाज आला. तो आवाज तपासनीस चाळीस वर्षं ऐकत होते.

"पट्टी मागच्याच महिन्यात झाली. काकांनी तिला एवढा गोंद लावलाय की आता खण ओढला तर भिंत येईल."

"मग बेसिनखालच्या कपाटाची बिजागरी?"

"तीच काढतेय. काकू, एक सांगू? मला आता नको वाटतं हो. दुपारभर दुकानात लोकांचे स्क्रू घट्ट करायचे आणि सकाळी घरी तुमचे सैल करायचे. हात वळत नाही माझा."

"आजचा दिवस निभावून ने गं बाई. मंगळवार-शुक्रवार माझे ट्रायलचे, आज दोघी यायच्यात. त्यातली एक आधीच लाजाळू. मागे एकदा हे हॉलमध्ये बसलेले असताना आली, तर हे तिला विचारतात, तुमचं वजन किती, लिफ्टच्या हिशेबाने सांगा. ती जी गेली ती दोन महिने ब्लाउज न्यायला आली नाही."

खिडकीखाली तपासनीसांचे कान गरम झाले. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ती किती जागा घेईल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"आणि रविवारचं काय?" मुलगी म्हणाली. "मला घर सोडावं लागणार का?"

"छे. रविवारी मी पोराला सगळं खरं सांगून टाकणार. माझ्या उपद्व्यापापायी तुला घराबाहेर काढू देईन का मी?"

"मग काकांनाही कळेल."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"कळेल. आणि मग ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील," बाई म्हणाल्या. "तुला सांगते, तो नळ गळला ना, त्या दिवशी हे शिट्टी वाजवत घरी आले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. दोनदा भात मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हाच म्हटलं, या घरात आठवड्याला काहीतरी मोडलंच पाहिजे. ट्रायलचं निमित्त नंतरचं गं. ठेवते. करते आहेस ना फोन त्यांना?"

आणि पुढच्याच क्षणी तपासनीसांच्या खिशातला फोन खणखणला.

तपासनीसांनी फोन मुठीत दाबला, पेटी छातीशी धरली आणि गुडघ्याची पर्वा न करता ते थेट बसथांब्यापर्यंत पळाले. तिथून त्यांनी उलटा फोन केला.

"काका, धापा का टाकताय?"

"बसमध्ये आहे," तपासनीस म्हणाले. "गर्दी आहे फार."

आता बसमधून येणाऱ्या माणसाला निदान वीस मिनिटं लागणार. ती वीस मिनिटं ते थांब्यावरच्या बाकावर बसून राहिले. आधी राग आला. आपण काय अडगळ आहोत, की सामानासारखं एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं? मग लाज वाटली, त्या ब्लाउजवालीची. आणि मग ते 'दोनदा भात मागून घेतला' आठवलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो लिफ्ट तपासल्या होत्या. पण आपल्याच घरात एक माणूस बंद पडला होता आणि तो पुन्हा चालू कसा करायचा हे त्यांच्या बायकोने एका गळक्या नळावरून ओळखलं होतं. हे त्यांना जमलं नसतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

वीस मिनिटांनी ते आत गेले, आणि त्यांनी बेसिनखालची बिजागरी बसवली. मुलगी त्यांच्या घामाघूम चेहऱ्याकडे बघत होती. "बसमध्ये उकडतं फार," ते म्हणाले.

घरी परतताना दाराशी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवली. नेहमी ती आपोआप वाजायची. आज मुद्दाम वाजवताना सूर चुकला. पण आत मशिनवर बसलेल्या बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली, हे तपासनीसांनी नीट बघितलं.

शनिवारभर ते रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले होते. पेन उघडायचे, बंद करायचे, उठून पाणी प्यायचे. बाईंनी दोनदा डोकावलं. "सापडलं का कारण?" विचारलं की ते पानावर हात ठेवायचे.

रविवारी अकरा वाजता सगळे त्या घराच्या स्वयंपाकघरात जमले. मुलगा, दलाल, चष्मेवाली, बाई आणि रजिस्टर. दलाल हातातल्या यंत्राने भिंतींची मापं घेत फिरत होता. चष्मेवाली आपल्याच स्टुलावर पाहुण्यासारखी टेकली होती. बाईंनी पदर दोनदा सारखा केला आणि घसा खाकरला.

"मला काहीतरी सांगायचंय," त्या मुलाला म्हणाल्या. "या सगळ्या मोडतोडीचं कारण..."

"कारण मी लिहिलंय," तपासनीस मध्येच म्हणाले. "पान उघड."

मुलाने रजिस्टर उघडलं. रिकामा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता, शाई ताजी होती.

"बिघाड क्रमांक एक. कारण, मालकाची सदोष दुरुस्ती," मुलगा वाचायला लागला. "दोन. मालकाची सदोष दुरुस्ती. तीन, तेच. चार, तेच." त्याने बोट झरझर खाली नेलं. "बाबा, तिसापर्यंत हेच आहे."

"हो. एक दुरुस्त करायला येतो, तर शेजारचं सैल करून जातो. घरभर ते पसरत गेलं. पोरीचा काही दोष नाही."

आणि ते थांबले. चौतीस वर्षांची अब्रू त्यांनी त्या टेबलावर ठेवली होती. निदान एकाने तरी 'छे, तुमचं काम आणि सदोष?' असं म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. फार नव्हती.

"मला वाटलंच होतं," मुलगा म्हणाला.

"ही खिडकीही त्यातलीच का?" दलाल खिडकी लावायचा प्रयत्न करत म्हणाला. "लागतच नाही."

"सतरा नंबर," तपासनीस म्हणाले.

दलालाने मग खालच्या खणाला हात घातला. खण उघडेना. त्याने जोर लावला, पाय टेकवून ओढलं, तेव्हा खण, पट्टी आणि गोंदाला चिकटलेला भिंतीचा पोपडा असं सगळं एकदम त्याच्या मांडीवर आलं. आता पुराव्याची गरज उरली नव्हती. चष्मेवालीने तोंडाला ओढणी लावली. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि बोलायचं होतं ते त्या पार विसरल्या.

"म्हणजे भाडेकरू वाईट नाही," मुलगा म्हणाला.

"भाडेकरू उत्तम आहे. मालक वाईट आहे," तपासनीसांनी खिशातून ठरावाची घडी काढली. "मालक वाईट निघाला तर घर विकायचं, असं यात कुठे लिहिलेलं नाही. वाचून घे."

मुलाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याला हसू आलं. धोके मोजण्यात त्याची हयात चालली होती, पण हा धोका त्याने मोजला नव्हता. "ठीक आहे. घर राहू द्या. पण एक नवी अट. यापुढे भाडेकरूने लेखी बोलावल्याशिवाय तुम्ही पान्हा घेऊन इथे यायचं नाही. नुसता फोन चालणार नाही."

"लेखी," तपासनीस म्हणाले. "मान्य."

बसमध्ये परत येताना बाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. एका थांब्यानंतर त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं काम एवढं वाईट नसतं हो."

"असतं," तपासनीस म्हणाले. "खणाचं बघितलंस ना."

"खणाचं सोडून," बाई म्हणाल्या.

सोमवारी दुपारी तपासनीस चष्म्याच्या दुकानात गेले. मुलगी एका चष्म्याची काडी वाफेवर धरून सरळ करत होती. त्यांना बघून तिने चष्मा खाली ठेवला.

तपासनीसांनी एक कागद तिच्यासमोर सरकवला. पुढच्या तीन महिन्यांचे मंगळवार आणि शुक्रवार ओळीने लिहिले होते. 'पहिला मंगळवार, दाराची घंटा. शुक्रवार, खणाची कडी. दुसरा मंगळवार, टॉवेलची दांडी.'

"यांचे सुटे भाग माझ्याकडे आहेत," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "न्हाणीघरातल्या फरशीला हात लावायचा नाही. आणि स्क्रू काढताना खाचेवर थोडं ओरबाडत जा, इतक्या प्रेमाने सोडवलास तर ओळखू येतं. खाली सही कर, लेखी मागणी म्हणून."

मुलगी लाल झाली. "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"फूटपाथ सरकारी आहे. ते जाऊ दे. काकूंना यातलं काही सांगायचं नाही. मला माहीत नाही असं तिला वाटतंय, तसंच वाटू दे."

मुलीने गल्ल्याखालचा खण उघडला आणि एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. एका बाजूला कुणाच्यातरी ब्लाउजचं माप होतं. दुसऱ्या बाजूला बाईंचं अक्षर.

"सकाळीच घरी येऊन देऊन गेल्या," ती म्हणाली. "मलाही सांगितलंय, काकांना सांगू नकोस."

तपासनीसांनी चष्मा वर करून वाचलं. 'मंगळवार, कपाटाची कडी. शुक्रवार, खिडकीची खिट्टी. नेहमीसारखं, स्टुलावर चढावं लागेल असं काही नको, त्यांचा गुडघा दुखतो. आणि दुरुस्ती झाली की छान झालं म्हणत जा. आपलं काम वाईट आहे असं बिचाऱ्यांना उगाच वाटायला लागलंय.'

साडेचार फुटांचं कारण त्या चिठ्ठीत होतं. तपासनीसांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग दुकानात लावलेल्या नजर तपासायच्या तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यातलं एकही अक्षर त्यांना त्या वेळी दिसत नव्हतं.

"काका," मुलीने विचारलं, "उद्या काकूंनी कडी लिहिली आहे आणि तुम्ही घंटा. दोन्ही मोडू का?"

तपासनीसांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावरची घंटा खोडली.

"तिचीच कडी मोड," ते म्हणाले. "आणि काम झालं की 'छान झालं' म्हणायला विसरू नकोस. तिथे लिहिलंय."